कंपनातून वीज काढणारे पिझो हार्वेस्टर आणि तापमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिझो म्हणजे दाबलं किंवा वाकवलं की विजेचा चार्ज सोडणारं मटेरियल. ते शिम नावाच्या पातळ धातूच्या पट्टीवर चिकटवून, पट्टीचं एक टोक बांधून जो हलणारा बीम होतो तोच हार्वेस्टर. मशीनच्या कंपनातून थोडीशी वीज काढून सेन्सर चालवायचा, बॅटरी बदलायची कटकट संपवायची, ही कल्पना टेबलावर मस्त चालते. मग तोच हार्वेस्टर गरम मोटरवर किंवा उघड्यावरच्या पाइपवर लावला की पॉवर अर्ध्यावर येते आणि लोक म्हणतात पिझो खराब निघाला. बहुतेक वेळा पिझो ठणठणीत असतो, गडबड दुसरीकडेच असते. ती कुठे असते हे नीट कळावं म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतलेत.

तापमान बदललं की हार्वेस्टरमध्ये नेमकं काय काय बदलतं?

जवळजवळ सगळंच. बीमचा ताठपणा बदलतो म्हणून रेझोनन्स (ज्या वारंवारतेला बीम सर्वांत जोरात हलतो ती) सरकतो, पिझोचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट बदलतो म्हणून कपॅसिटन्स बदलतो, पिझो कॉन्स्टंट बदलतो, डॅम्पिंग म्हणजे कंपन विरणं बदलतं, ज्या गोंदाने पिझो शिमला चिकटवलाय तो मऊ किंवा कडक होतो, वेगवेगळे थर वेगवेगळे प्रसरण पावतात म्हणून आत ताण साठतो, आणि या सगळ्याच्या वर पायरोइलेक्ट्रिक चार्ज, म्हणजे नुसतं तापमान बदलल्याने सुटणारा चार्ज, येतो तो वेगळाच. पुढे सर्किटमधल्या डायोडची गळती आणि साठवणीचा कपॅसिटर आहेच. सगळ्यांचं वजन सारखं नसतं. माझं मत विचाराल तर साध्या कॅन्टिलिव्हर म्हणजे एक टोक बांधलेल्या हार्वेस्टरमध्ये पहिला संशय रेझोनन्सवर घ्यावा, दुसरा गोंदावर, आणि पिझो मटेरियलवर शेवटी.

डेटाशीटमध्ये क्युरी टेम्परेचर ३५० अंश सेल्सिअस लिहिलंय, मग ८५ अंशाला पॉवर का पडते?

कारण क्युरी टेम्परेचर म्हणजे मटेरियल पार मरतं ती जागा, ते कुठपर्यंत चांगलं काम करतं ती नाही. पीझेडटीसारख्या (लेड झिरकोनेट टायटनेट) पिझो सिरॅमिकमध्ये छोटे छोटे डोमेन, म्हणजे एकाच दिशेचं ध्रुवीकरण असलेले भाग, असतात, बनवताना मोठं व्होल्टेज देऊन ते एका दिशेला वळवलेले असतात, त्यालाच पोलिंग म्हणतात. क्युरी टेम्परेचरच्या वर क्रिस्टलची रचनाच बदलते आणि ही दिशा पुसली जाते, परत थंड केलं तरी आपोआप येत नाही. पण त्याच्या बऱ्याच खालीसुद्धा उष्णतेने काही डोमेन हळूहळू ढिले पडून भरकटतात, सोबत मोठा यांत्रिक ताण असेल तर अजून लवकर. म्हणून वापरात एक ढोबळ नियम पाळतात, अंश सेल्सिअसमधलं क्युरी टेम्परेचर घ्यायचं आणि त्याच्या निम्म्यापर्यंतच कायमचं वापरायचं. पीझेडटी-५ए या ग्रेडचं क्युरी टेम्परेचर ३५० च्या आसपास, म्हणजे १७५ पर्यंत धरायला हरकत नाही. पीझेडटी-५एच चं १९० च्या आसपास, म्हणजे तिथे ९५ च्या पुढे जाताना विचार करावा.

आता ८५ अंशाला पॉवर पडली तर ५ए चे डोमेन वगैरे काही बिघडलेले नसतात. थंड झाल्यावर पॉवर जशीच्या तशी परत येते का ते बघा. आली तर डिपोल झालेलं नाही, म्हणजे पोलिंग पुसलेलं नाही, बहुधा रेझोनन्स सरकला होता.

रेझोनन्स असा कितीसा सरकतो? एखाद टक्क्याने काय फरक पडतो?

पडतो, आणि भरपूर पडतो. आकडे घालूनच बघू.

समजा स्टीलच्या शिमचा बीम आहे, २५ अंशाला बरोब्बर १०० हर्ट्झवर ट्यून केलाय. १०० हर्ट्झ उगाच घेतलेला नाही, ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या मोटर-ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय कंपनात दुप्पट वारंवारता म्हणजे १०० हर्ट्झ ठळक असते, आणि ती मशीन गरम झालं म्हणून बदलत नाही. स्टीलचा यंग्ज मॉड्युलस म्हणजे ताठपणाचा आकडा दर अंशाला साधारण ०.०४ टक्क्याने कमी होतो. ८५ अंशाला जायचं म्हणजे ६० अंशांचा फरक, मॉड्युलस २.४ टक्क्यांनी उतरला. वारंवारता ताठपणाच्या वर्गमुळावर चालते म्हणून ती त्याच्या निम्म्याने, १.२ टक्क्याने उतरली. आता बीम ९८.८ हर्ट्झवर आहे आणि मशीन अजून १०० वरच थरथरतंय.

हार्वेस्टरचा क्यू फॅक्टर, म्हणजे रेझोनन्सचं शिखर किती अरुंद आहे याचा आकडा, ५० असेल तर त्याची हाफ-पॉवर बँडविड्थ १०० भागिले ५० म्हणजे २ हर्ट्झ, शिखराच्या दोन्ही बाजूंना एकेक हर्ट्झ. आपण १.२ हर्ट्झ बाहेर गेलोय. हिशोब केला तर पॉवर साधारण ४१ टक्क्यांवर येते. पिझो तोच, गोंद तोच, फक्त सव्वा हर्ट्झने सरकलाय आणि निम्म्याहून जास्त पॉवर गेली! क्यू १०० असता तर १५ टक्केच उरली असती. आणि उलट दिशेने उणे ४० ला गेलात तर बीम १०१.३ हर्ट्झवर चढतो, तिथेही क्यू ५० ला ३७ टक्क्यांच्या आसपासच मिळणार.

झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला तर तो चढत जातो, लय जराशी चुकली की तुमचेच धक्के त्याला अडवायला लागतात, तसं हे आहे. अर्थात हा सोपा हिशोब झाला, खऱ्या बीममध्ये पिझोच्या थराचा ताठपणाही मोजावा लागतो आणि तो ग्रेडनुसार वेगळा वागतो, पण अंदाज याच घरात येतो.

मग क्यू मुद्दाम कमी ठेवला तर?

चालेल, पण किंमत मोजावी लागते. क्यू निम्मा केला की बँडविड्थ दुप्पट होते पण शिखर खाली येतं. तापमानाची रेंज मोठी असेल तर कमी उंचीचं पण रुंद शिखर एकंदरीत जास्त ऊर्जा देऊ शकतं, आणि सेन्सरला सरासरीपेक्षा सर्वांत वाईट क्षणी किती मिळतंय याचं महत्त्व जास्त. मी तरी डिझाइन करताना सर्वांत थंड आणि सर्वांत गरम टोकाला मिळणारी पॉवर आधी मांडतो, मधला सुंदर आकडा नंतर.

एक सोपी युक्ती म्हणजे बीम खोलीच्या तापमानाला ट्यून न करता ज्या तापमानाला तो दिवसाचा बहुतेक वेळ राहणार आहे तिथे ट्यून करायचा. मोटरचं आवरण तासन् तास ७० अंशाला असतं आणि आपण २५ ला ट्यून करून मोकळे होतो, याला काय अर्थ आहे? दुसरा मार्ग म्हणजे शिमचं मटेरियल बदलणं. चार्ल्स एदुआर्द गियोम यांनी शोधलेल्या निकेल-स्टील मिश्रधातूंमध्ये एलिनव्हार नावाचा प्रकार आहे, त्याचा मॉड्युलस तापमानाने फारसा हलत नाही, घड्याळाच्या स्प्रिंगसाठी तो वापरला गेला. याच कामासाठी गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच घराण्यातल्या इनव्हारशी गल्लत करू नका, इनव्हारचं प्रसरण कमी असतं, आणि मॉड्युलस स्थिर राहणं ही वेगळी गोष्ट आहे.

बाकी दोन-तीन किंचित वेगळ्या वारंवारतेचे बीम शेजारी शेजारी लावणं हाही रस्ता आहे, जागा असेल तर. एक सरकला की दुसरा पकडतो. फक्त प्रत्येकाला स्वतःचा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारं सर्किट) द्या, नाहीतर चालणारा बीम बंद बीमच्या कपॅसिटन्समध्ये पॉवर ओतत बसतो.

तापमान वाढलं की पिझो कॉन्स्टंट वाढतो असं वाचलं, मग पॉवर वाढायला नको का?

पीझेडटीच्या सॉफ्ट ग्रेडमध्ये डी कॉन्स्टंट तापमानाबरोबर काही अंतरापर्यंत वाढतो हे खरं आहे. पण हार्वेस्टरला नुसता डी पुरत नाही. डी म्हणजे दाबल्यावर किती चार्ज येतो, आणि तो चार्ज किती व्होल्टवर मिळतो हे कपॅसिटन्स ठरवतो. ऊर्जा डी च्या वर्गाला डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटने भागून येणाऱ्या आकड्यावर चालते. गरम केल्यावर डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटही चढतो, त्यामुळे डी ने कमावलेलं बरंचसं तिकडे खर्च होतं, आणि जोडीला डायइलेक्ट्रिक लॉसही वाढतो. म्हणून डी चा चढता ग्राफ बघून हुरळून जाऊ नका, डी आणि जी (डी भागिले डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) यांचा गुणाकार कुठे जातोय ते बघा. ॲक्च्युएटर बनवणाऱ्यांसाठी नुसता डी बरोबर आहे, त्यांच्यासाठी लिहिलेल्या टेबलांवरून हार्वेस्टर निवडला की हा घोळ होतो.

कपॅसिटन्स बदलला म्हणजे लोडही बदलायला हवा ना?

तत्त्वतः हो. साध्या रेझिस्टिव्ह लोडला, कपलिंग म्हणजे यांत्रिक आणि विजेच्या बाजूंमधली जोड फार जोरदार नसेल तर, सर्वोत्तम रेझिस्टन्स म्हणजे १ भागिले दोन पाय गुणिले वारंवारता गुणिले कपॅसिटन्स. १० चौरस सेंटिमीटरची, ०.२ मिलिमीटर जाडीची ५ए ची पट्टी घेतली तर तिचा कपॅसिटन्स ८० नॅनोफॅरडच्या आसपास येतो आणि १०० हर्ट्झला लोड साधारण २० किलोओम. समजा गरम होऊन कपॅसिटन्स ३० टक्क्यांनी वाढला, तर लोड हवा १५ किलोओमच्या जवळ.

पण घाबरायचं कारण नाही, कारण लोडचं शिखर फार पसरट असतं. तुम्ही २० किलोओमच ठेवलात तर या चुकीमुळे जाणारी पॉवर ३-४ टक्केच आहे. तिकडे रेझोनन्सच्या सव्वा हर्ट्झने निम्म्याहून जास्त नेली होती. लोक लोड ट्यून करणाऱ्या हुशार सर्किटवर आठवडे घालवतात आणि बीमचा ग्राफ तापमानावर एकदाही काढत नाहीत, हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण मेहनत चुकीच्या जागी जाते. जोरदार कपलिंगच्या हार्वेस्टरमध्ये मात्र लोड बदलून रेझोनन्स थोडा हलवता येतो, शॉर्ट-सर्किट आणि ओपन-सर्किट या दोन वारंवारतांच्या मधल्या पट्ट्यात, तिथे ट्यून होणारं सर्किट कामाला येतं.

५ए घेऊ की ५एच?

खोलीत राहणार असेल तर ५एच. डी३३ (पोलिंगच्या दिशेतला डी) बघितला तर ५एच चा साधारण ५९० पिकोकूलम प्रति न्यूटन आणि ५ए चा ३७५, पण ५एच चा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटही ३४०० च्या घरात आहे, ५ए चा १७०० ते १८००, त्यामुळे हार्वेस्टिंगच्या हिशोबात ५एच ची आघाडी दुप्पट वगैरे नसून पाव हिस्सा धरा. आणि ५एच चे सगळे गुणधर्म तापमानाबरोबर जास्त हलतात. ६० अंशाच्या वर-खाली होणारं काम असेल तर मी डोळे झाकून ५ए घेईन, तेवढी पाव हिस्सा पॉवर सोडून.

पीएमएन-पीटी या दुसऱ्या पिझो मटेरियलच्या सिंगल क्रिस्टलचे आकडे भुरळ पाडणारे असतात पण त्याची फेज म्हणजे क्रिस्टलची रचना ६० ते ९५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी बदलते, काँपोझिशननुसार, त्यामुळे गरम जागी तो नकोच.

गोंदाबद्दल एवढं का बोलता?

कारण बीम वाकतो तेव्हा शिमचा ताण पिझोपर्यंत पोचवतो तो गोंदच. खोलीच्या तापमानाला सेट होणाऱ्या बऱ्याच दोन-भागी इपॉक्सींचं ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे कडक पदार्थ मऊ पडायला लागतो ते तापमान, ५० ते ८० अंशांच्या मध्ये असतं. त्याच्या जवळ गेलं की इपॉक्सी रबरासारखा व्हायला लागतो, थर आतल्या आत सरकतो, पिझोला पूर्ण ताण मिळत नाही आणि सरकण्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. बाहेरून काहीच दिसत नाही! चिकटलेलं तसंच असतं, सुटलेलं नसतं.

ओळखायचं कसं? तापमान हळूहळू वाढवत क्यू मोजत जा. रेझोनन्स सरळ रेषेत उतरत असतो आणि क्यू थोडाफार हलत असतो, मग एका तापमानाला क्यू एकदम कोसळतो आणि वारंवारतेची रेषाही जोरात खाली वळते. तो कोपरा दिसला की समजायचं गोंद मऊ पडला. उपाय सरळ आहे, ओव्हनमध्ये जास्त तापमानाला क्युअर होणारा इपॉक्सी, ज्याचं ग्लास ट्रान्झिशन तुमच्या कमाल तापमानापेक्षा निदान २०-३० अंश वर आहे, आणि थर पातळ. पण क्युअरचं तापमान पिझोच्या मर्यादेत बसतं का ते आधी बघा.

ओव्हनमधून काढल्यावर माझा बीम वाकडा झाला, असं का?

एकाच बाजूला पिझो आहे ना? मग होणारच. स्टेनलेस स्टील दर अंशाला साधारण १७ पार्ट्स पर मिलियन प्रसरण पावतं, ॲल्युमिनियम २३, पीझेडटी मात्र ४ च्या आसपास. स्टील आणि पीझेडटीत १३ चा फरक, ६० अंशांना झाला जवळपास ७८० मायक्रोस्ट्रेनचा. हा सगळा पिझोवर येत नाही, दोन थरांत वाटला जातो आणि उरलेला वाकून बाहेर पडतो, पण सिरॅमिकच्या दृष्टीने हा लहान आकडा नाही. दोन्ही बाजूंना पिझो असलेला बायमॉर्फ सममित असल्यामुळे वाकत नाही, ताण मात्र आत राहतोच.

यात एक चांगली बाजूही आहे. जास्त तापमानाला क्युअर करून थंड केलं की धातू जास्त आकसतो आणि पिझोला दाबून धरतो, सिरॅमिक दाब छान सहन करतं, ओढ सहन करत नाही, त्यामुळे दाबलेला पिझो कंपनात लवकर तडकत नाही. गरम जागी हे दाबाचं कवच सैल होतं. म्हणून जो बीम टेबलावर मोठ्या कंपनालाही टिकला तोच १०० अंशाला तडकू शकतो. प्रसरण जुळवायचं असेल तर टायटॅनियमचा शिम बघा, तो साडेआठच्या आसपास आहे.

तापमान बदलताना आउटपुटवर मोठं व्होल्टेज दिसलं, कंपन तर बंद होतं?

तो पायरोइलेक्ट्रिक चार्ज. पोल केलेलं प्रत्येक सिरॅमिक तापमान बदललं की चार्ज सोडतं. पीव्हीडीएफ हा पिझो प्लास्टिकही सोडतो, ॲल्युमिनियम नायट्राइडही. क्वार्ट्ज सोडत नाही, त्याच्या क्रिस्टलची रचना तशी आहे.

वरचीच १० चौरस सेंटिमीटरची पट्टी घ्या. पीझेडटीचा पायरो कोइफिशियंट साधारण ३०० मायक्रोकूलम प्रति चौरस मीटर प्रति अंश धरला तर ५० अंशांच्या बदलाला १५ मायक्रोकूलम चार्ज. ८० नॅनोफॅरडवर तो बसला आणि कुठून गळलाच नाही तर १८० व्होल्टच्या वर! प्रत्यक्षात गळतीमुळे एवढं साठत नाही, पण टोकं मोकळी ठेवून पीस ओव्हनमधून थंडीत नेला तर सर्किटचा इनपुट उडवायला किंवा बोटाला झटका बसायला पुरेसं साठतं. आणि थंड होताना तयार होणारं फील्ड पोलिंगच्या उलट दिशेला असतं, म्हणजे ते पिझोला थोडं डिपोलही करू शकतं.

म्हणून नियम असा की गरम-थंड करताना दोन्ही टोकं तारेने शॉर्ट करून ठेवायची. चालू यंत्रात शॉर्ट करता येत नाही तर १० मेगाओमचा एक रेझिस्टर समांतर लावा. ८० नॅनोफॅरडबरोबर त्याचा टाइम कॉन्स्टंट ०.८ सेकंद होतो, तापमान त्यापेक्षा किती तरी हळू बदलतं म्हणून पायरो चार्ज निघून जातो, आणि २० किलोओमच्या लोडपुढे १० मेगाओमने खाल्लेली पॉवर अर्धा टक्कासुद्धा नाही.

तो पायरो चार्जच वापरला तर? फुकट ऊर्जा!

तापमान पटापट वर-खाली होत असेल तरच. दिवसातून एकदा तापून एकदा निवणाऱ्या पाइपवर त्यातून मिळणारी सरासरी पॉवर कंपनाच्या पॉवरपुढे नगण्य असते.

सोल्डर करताना पिझो खराब होतो का?

५एच असेल तर जपून. शिशाशिवायचं नेहमीचं सोल्डर २१७ अंशाच्या वर वितळतं आणि ५एच चं क्युरी टेम्परेचर १९० च्या आसपास, म्हणजे सोल्डरचा थेंब जिथे बसला तिथला भाग डिपोल होण्याची पूर्ण सोय. जुनं टिन-लेड सोल्डर १८३ ला वितळतं, तेही काठावरच. बिस्मथ-टिन सोल्डर १३८ अंशाला वितळतं, ते वापरा, किंवा कंडक्टिव्ह इपॉक्सी लावा. नेहमीचंच वापरायचं असेल तर टोक स्वच्छ, फ्लक्स पुरेसा, आणि सेकंदा-दोन सेकंदांत हात बाजूला. जोड बीमच्या बांधलेल्या टोकाजवळच घ्यावा लागतो आणि तिथेच ताण सर्वांत जास्त म्हणजे कमाईही तिथेच, त्यामुळे शक्य असेल तर इलेक्ट्रोड क्लॅम्पच्या आत थोडा वाढवून जोड तिथे घ्या, तापलेला ठिपका कामाच्या भागाबाहेर राहतो.

थंडीत काय होतं? उणे तापमानाला पिझो बंद पडतो का?

बंद पडत नाही. पीझेडटीचा डी आणि कपॅसिटन्स दोन्ही कमी होतात कारण डोमेनच्या भिंती आखडतात, बीम थोडा ताठ होतो म्हणून वारंवारता चढते. अगदी द्रव हेलियमच्या ४ केल्व्हिनलासुद्धा पीझेडटी थोडाफार काम करतो. उणे ४० ला पिझोपेक्षा मला चिंता साठवणीची असते, नेहमीच्या लिथियम-आयन सेलला शून्याच्या खाली चार्ज करायचं नसतं, त्यात लिथियम धातूचा थर जमायला लागतो. थंड जागी सुपरकपॅसिटर बरा, बरेचसे उणे ४० पर्यंत चालतात, मात्र आतला रेझिस्टन्स वाढतो.

पीव्हीडीएफ फिल्म लवचिक आहे, स्वस्त आहे, ती का नको?

८० अंशाच्या वर ती दीर्घकाळ टिकत नाही, आकसते आणि पिझो गुण हरवते. थंडीकडे उणे ३५-४० च्या आसपास तिचं ग्लास ट्रान्झिशन आहे, तिथे कडक होते. मधल्या पट्ट्यात छान. पॉवर मात्र पीझेडटीपेक्षा कमीच धरा.

२०० अंशाच्या वर काही पर्याय आहे का?

आहेत, पण प्रत्येकाने काहीतरी मागून घेतलंय. बिस्मथ स्कँडेट-लेड टायटनेटचं क्युरी टेम्परेचर ४५० च्या आसपास आणि डी कॉन्स्टंट पीझेडटीच्या जवळपास, त्यामुळे २०० ते ३०० अंशांना तो मला सर्वांत व्यवहार्य वाटतो, फक्त स्कँडियम महाग. बिस्मथ टायटनेट साडेसहाशेच्या पुढे जातो, डी फारच कमी. लिथियम निओबेटचं क्युरी टेम्परेचर ११०० च्या वर. क्वार्ट्जची फेज ५७३ अंशाला बदलते. लँगसाइटला वितळेपर्यंत म्हणजे १४७० पर्यंत फेज बदलच नाही. ॲल्युमिनियम नायट्राइड फेरोइलेक्ट्रिक नाही, म्हणजे पीझेडटीसारखे वळवता येणारे डोमेन त्यात नाहीत, म्हणून त्याचं डिपोलिंग असं होतच नाही, पण डी३३ ५ च्या आसपास, पीझेडटीचे शेकडो. डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटही १० च्या घरात असल्यामुळे हार्वेस्टिंगमध्ये तो वाटतो तेवढा मागे पडत नाही.

मात्र एवढ्या तापमानाला अडतं ते दुसरीकडेच. गोंद चालत नाही, साधं सोल्डर चालत नाही, पिझोचा स्वतःचा रेझिस्टन्स उतरतो आणि कमी वारंवारतेला चार्ज आतल्या आत गळून जातो, आणि नेहमीची सिलिकॉन सर्किटं १२५ ला हात टेकतात. बऱ्याचदा पिझो गरम जागी ठेवून सर्किट तारेने थंड जागी नेणं हाच शहाणपणा असतो.

सिलिकॉनवरच्या मेम्स (चिपवर कोरलेल्या सूक्ष्म) हार्वेस्टरला हा त्रास कमी असतो का?

सरकणं कमी असतं. सिलिकॉनचा मॉड्युलस दर अंशाला साधारण ६० पार्ट्स पर मिलियन उतरतो, म्हणजे वारंवारता ३० ने, १०० अंशांना ०.३ टक्के. पण व्हॅक्यूममध्ये पॅक केलेल्या मेम्सचा क्यू १००० असेल तर त्याची बँडविड्थच ०.१ टक्के आहे, मग ०.३ सुद्धा खूप झालं. सिलिकॉन डायऑक्साइडचा मॉड्युलस उलट तापमानाबरोबर वाढतो, म्हणून त्याचा थर चढवून भरपाई करतात.

मॅग्नेट लावून ट्यून केलेला किंवा बायस्टेबल (दोन स्थिर जागा असलेला) हार्वेस्टर?

मॅग्नेटचं तापमान वेगळं मोजा. निओडिमियम मॅग्नेटची ताकद दर अंशाला ०.१२ टक्क्याच्या आसपास उतरते, ६० अंशांना ७ टक्के, आणि दोन मॅग्नेटमधलं बल वर्गाच्या प्रमाणात म्हणून १३-१४ टक्के. साध्या ग्रेडचे ८० अंशाच्या वर कायमचे कमजोर पडू शकतात. सॅमेरियम-कोबाल्ट याबाबतीत खूप स्थिर.

सर्किटमध्ये काय बघू?

डायोडची गळती आधी. ती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. २५ ला १ मायक्रोॲम्पिअर असेल तर ८५ ला सहा वेळा दुप्पट म्हणजे ६४ मायक्रोॲम्पिअर, आणि तुमची एकूण कमाईच शंभरेक मायक्रोॲम्पिअर असेल तर हिशोब तुम्हीच करा. शॉटकी प्रकारच्या डायोडचा व्होल्टेज ड्रॉप कमी म्हणून सगळे तोच लावतात, गरम जागी कमी गळतीचा साधा सिलिकॉन डायोड जास्त देऊन जातो. सिरॅमिक कपॅसिटर एक्स७आर घ्या, तो उणे ५५ ते १२५ ला १५ टक्क्यांच्या आत राहतो. वाय५व्ही हा उणे ३० ते ८५ मध्येच ८२ टक्क्यांपर्यंत पडू शकतो.

पिझो स्वतःच्या कंपनाने तापतो का?

हार्वेस्टरमध्ये नाही. काही मिलीवॉटचा खेळ आहे. अल्ट्रासाउंडच्या ट्रान्सड्यूसरमध्ये ती काळजी करा.

घरच्या लॅबमध्ये तापमानाची टेस्ट कशी घ्यावी?

शेकर (बीमला कंपन देणारं यंत्र) ओव्हनमध्ये ठेवू नका, त्याची कॉइल आणि त्याचं रबर तापमान सहन करत नाही आणि केलं तरी त्याची स्वतःची वागणूक बदलते. शेकर बाहेर, एक ताठ हलकी दांडी ओव्हनच्या भिंतीतून आत, तिच्या टोकाला क्लॅम्प आणि बीम. ॲक्सेलेरोमीटर क्लॅम्पवर हवा, शेकरवर नाही, कारण दांडी मध्ये थोडी लवते. आत सर्किट असलेले ॲक्सेलेरोमीटर बहुतेक १२० अंशाच्या आसपास संपतात, त्यापुढे चार्ज आउटपुटवाला लागतो.

प्रत्येक तापमानाला थांबा. हवा पोचली म्हणजे बीम पोचला असं नाही, बीमच्या टोकावरचं जाड वजन (टिप मास) आणि क्लॅम्प मागे राहतात. कपॅसिटन्स मोजत राहिलात तर तो स्थिर झाला की पिझो स्थिर झाला असं समजायला हरकत नाही. मग फ्रिक्वेन्सी स्वीप, एका ठरलेल्या वारंवारतेला नाही तर पूर्ण स्वीप, वरून खाली आणि खालून वर दोन्ही, कारण मोठ्या कंपनाला पीझेडटी नॉनलिनियर असतो आणि दोन्ही स्वीप जुळत नाहीत. वर जाताना आणि परत खाली येताना दोन्ही वेळा मोजा, परतीचा ग्राफ आधीच्यावर बसला नाही तर काहीतरी कायमचं बदललंय. त्या वेळी कपॅसिटन्स, क्यू आणि रेझोनन्स तिन्ही शेजारी ठेवून बघा. रेझोनन्स आणि क्यू आधीसारखे आणि नुसतं व्होल्टेज कमी म्हणजे डिपोल झालाय. क्यू पडलाय म्हणजे गोंद किंवा क्लॅम्प. कपॅसिटन्सच कमी झालाय म्हणजे तडा गेला किंवा इलेक्ट्रोडचा तुकडा सुटला. हो, आणि क्लॅम्पचे स्क्रू प्रत्येक सायकलनंतर हलकेच तपासा, गरम-थंड होऊन ते सैल पडतात आणि सगळा दोष बिचाऱ्या पिझोवर येतो.

डिपोल झालेला पिझो परत पोल करता येतो का?

सुटी पट्टी असेल तर येतो. सिलिकॉन तेलात १०० ते १५० अंशांपर्यंत तापवून, दर मिलिमीटरला २ ते ३ किलोव्होल्टचं डीसी फील्ड देऊन काही मिनिटं धरतात आणि फील्ड चालू ठेवूनच थंड करतात. ०.२ मिलिमीटरच्या पट्टीला हे ४०० ते ६०० व्होल्ट झाले, जिवावर बेतू शकणारं व्होल्टेज आहे, सवय नसेल तर करू नका. चिकटवलेल्या बीमवर मात्र अडचण होते, गोंद १०० च्या पुढे टिकेल का हा पहिला प्रश्न आणि सिरीज जोडलेल्या बायमॉर्फमध्ये दोन थरांची पोलिंगची दिशा एकमेकांच्या उलट असते हा दुसरा, त्यामुळे मधल्या शिमला वेगळी तार नसेल तर बाहेरच्या दोन टोकांवरून ते जमत नाही. अशा वेळी नवीन पीस चिकटवणंच स्वस्त पडतं.